नॉक्टुइडी पतंगांचे वर्गीकरण

नॉक्टुइडी हे लेपिडोप्टेरा, म्हणजे खवलेपंखी कीटकांच्या गणातील निशाचर पतंगांचे एक मोठे कुल आहे. भातावरील लष्करी अळी, तुरीवरील घाटेअळी, नागलीच्या ताटात शिरणारा गुलाबी खोडकिडा आणि कोवळी रोपे जमिनीलगत कुरतडणारी अळी या सर्व याच कुलातील पतंगांच्या अळ्या होत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक गणनेनुसार या कुलात १,०८९ वंश आणि ११,७७२ जाती आहेत. कुलाच्या सीमा मात्र गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलल्या. एकेकाळी यात गणले जाणारे हजारो पतंग आज एरेबिडी, नोलिडी व यूटेलिइडी या कुलांत मोडतात. जुन्या कृषिग्रंथांतील आणि आजच्या पुस्तकांतील नावे जुळत नाहीत, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

प्रस्तुत लेखात या वर्गीकरणाची तत्त्वे व त्यांतील बदल पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील पिके व वनस्पती यांच्या आधारे स्पष्ट केले आहेत. हे डोंगराळ तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले असून येथे वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी व महादेव कोळी या समाजांची वस्ती मोठी आहे. खाचरांत भात आणि उताराच्या वरकस जमिनीवर नागली (नाचणी), वरई, खुरासणी, उडीद व तूर ही येथील पावसाळी पिके होत. बहुतेक शेती पावसावर अवलंबून असल्याने वर्षाचे धान्य एकाच हंगामात हाती येते. ते गेल्यास त्याच वर्षी दुसऱ्यांदा पेरण्याची सोय फारशी नसते. अशा ठिकाणी अळीची ओळख चुकणे महागात पडते.

नाव

लॅटिन भाषेत ‘नॉक्टुआ’ म्हणजे लहान घुबड. मराठीत ज्या पक्ष्याला पिंगळा म्हणतात त्याच्या जातीचा हा पक्षी होय. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये जवळजवळ सर्व निशाचर पतंग ‘फॅलीना’ या एकाच वंशात घातले व त्याचे काही गट पाडले. त्यांपैकी एका गटाचे नाव ‘नॉक्टुआ’ होते. पुढे १८०९ मध्ये फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ पिएर आंद्रे लात्रेय याने त्या नावावरून कुल स्थापिले. रात्रीचा संचार, करड्या-तपकिरी रंगाचे जाड केसाळ अंग आणि दिव्याच्या उजेडात चमकणारे डोळे पाहता घुबडाची उपमा चपखल आहे. योगायोग असा की, मोखाडा तालुक्यापर्यंत पसरलेल्या तानसा अभयारण्यात २०१४ मध्ये रानपिंगळा या दुर्मीळ घुबडाची नोंद झाली आणि हे दोन्ही ‘पिंगळे’ एकाच रानात आले.

मराठीत या कुलाला रूढ असे एक नाव नाही. दिव्यावर येणारा तो पतंग किंवा पाकोळी, एवढेच पुरेसे मानले जाते. नावे मिळाली आहेत ती अळ्यांना, कारण पीक खाते ती अळी. पतंग फार तर फुलांतील मध शोषतो. याउलट शास्त्रीय वर्गीकरण दीर्घकाळ प्रौढ पतंगावर, त्याच्या पंखांवर आणि डोळ्यांवर उभे राहिले, कारण टाचणीने टोचून वाळवलेला पतंग संग्रहालयात शतकभर टिकतो आणि मऊ अंगाची अळी टिकत नाही. शेतकऱ्याने अळीला नाव दिले आणि शास्त्रज्ञाने पतंगाला. दोघे एकाच जिवाबद्दल बोलत आहेत हे अळी पाळून, तिचा कोष होऊ देऊन, त्यातून पतंग बाहेर येईपर्यंत ठरत नाही.

शेतातील नावे व शास्त्रीय कुले

मराठी शेतीतील नावे अळी काय खाते, कशी चालते किंवा कशी दिसते यांवरून पडली आहेत. ती वापरायला सोपी आहेत, परंतु एकाच नावाखाली दूरचे जीव येतात आणि सख्खे जीव वेगळ्या नावांखाली विखुरतात.

खोडकिडा हे याचे उत्तम उदाहरण आहे. ताटात शिरून गाभा खाणाऱ्या कोणत्याही अळीला खोडकिडा म्हणतात. रोप लहान असताना मधला पोंगा सुकतो व गाभा मरतो. लोंबी बाहेर पडताना हल्ला झाल्यास ती पांढरी व पोकळ राहते, तिला कोकणात पळींज म्हणतात. भातावरील पिवळा खोडकिडा (स्किर्पोफागा इन्सर्टुलास) हा क्रॅम्बिडी या अगदी निराळ्या कुलातील आहे, तर नागलीवर प्रामुख्याने आढळणारा आणि भातावरही येणारा गुलाबी खोडकिडा (सेसॅमिया इन्फरेन्स) नॉक्टुइडी कुलातील आहे. दोघांनी केलेले नुकसान शेतात सारखेच दिसते. पण पिवळ्या खोडकिड्याची मादी पानाच्या शेंड्याजवळ अंडीपुंज घालून तो तांबूस केसांनी झाकते, आणि गुलाबी खोडकिड्याची मादी पानाचा देठाकडील वेढा व ताट यांच्यामधील फटीत अंडी लपविते. लावणीपूर्वी भाताच्या रोपांचे शेंडे खुडण्याचा जो सल्ला दिला जातो तो पहिल्याच्या अंड्यांसाठी आहे. दुसऱ्याची अंडी शेंड्यावर नसतातच, त्यामुळे त्या श्रमाने गुलाबी खोडकिडा कमी होत नाही.

बोंडअळीचेही तसेच. कापसावरील गुलाबी बोंडअळी गेलेचिइडी कुलातील, ठिपक्यांची बोंडअळी (इअरिअस व्हिटेला) नोलिडी कुलातील आणि हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी (हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) नॉक्टुइडी कुलातील आहे. कापूस या तालुक्यांत नाही. तरी यांपैकी दोघी येथील शेतकऱ्याच्या ओळखीच्या आहेत: ठिपक्यांची अळी भेंडी पोखरते आणि हेलिकोव्हर्पा तुरीच्या शेंगेत डोके खुपसून दाणे खाते, तेव्हा तिचे नाव घाटेअळी किंवा शेंगा पोखरणारी अळी असे होते. म्हणजे एका नावाखाली तीन कुले आणि एका जातीला तीन नावे.

उंटअळी हे नाव चालीवरून पडले. पोटाखालच्या पायांच्या पुढच्या जोड्या लहान असल्याने किंवा नसल्याने ही अळी पाठीची कमान करून पुढे सरकते व ती कमान उंटाच्या मदारीसारखी दिसते. खुरासणीवरील उंटअळी (थायसॅनोप्लुसिया ऑरिकॅल्सिया) नॉक्टुइडी कुलातील असून तिच्या पतंगाच्या पुढच्या पंखावर सोन्याचा मुलामा दिल्यासारखा मोठा डाग असतो. एरंडावरील उंटअळी (अकिया जनाटा) आज एरेबिडी कुलात आहे. तिच्या पतंगाच्या मागच्या काळ्या पंखावर पांढरे पट्टे असतात. दोन्ही पतंग समोर ठेवले तर कोणीही त्यांना एका नावाने हाक मारणार नाही.

ओळखीची लक्षणे

नॉक्टुइडी आणि त्याची भावंडकुले मिळून नॉक्टुओइडिया हे अधिकुल होते. या अधिकुलाची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे कान. तो डोक्यावर नसून वक्षाच्या तिसऱ्या खंडावर, मागच्या पंखाच्या बुडाशी असतो. पातळ पडदा व त्याला जोडलेल्या अवघ्या दोन श्रवणपेशी (नोटोडोंटिडी कुलात तर एकच) एवढीच त्याची रचना असते. वटवाघळे अंधारात भक्ष्य शोधताना माणसाला ऐकू न येणारे उच्च ध्वनी सोडतात. ते दूर असताना पतंग दिशा बदलून पळतो आणि अगदी जवळ येताच वेडावाकडा उडत किंवा पंख मिटून जमिनीकडे झेपावतो. अमेरिकन शास्त्रज्ञ केनेथ रोडर याने विसाव्या शतकाच्या मध्यात या कानावर केलेले प्रयोग प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात पायाभूत मानले जातात.

अधिकुलातून कुलाकडे जाताना पंखांतील शिरा पाहाव्या लागतात. खवले घासून काढल्यावर किंवा मद्यार्कात भिजवल्यावर शिरांचे जाळे दिसते. पतंगाच्या मागच्या पंखाच्या मध्यभागातून निघणारी एक शीर, जिला शास्त्रज्ञ ‘दुसरी मध्य शीर’ म्हणतात, ती येथे निर्णायक ठरते. ती ठसठशीत असून खालच्या शिरांजवळून निघत असेल तर खालची मुख्य शीर चार फाट्यांची भासते. ती क्षीण किंवा नाहीशी असेल तर तीनच फाटे दिसतात. यावरून ‘चौफाटी’ आणि ‘तिफाटी’ असे दोन मोठे गट पडले. लष्करी अळी, घाटेअळी, गुलाबी खोडकिडा व कुरतडणारी अळी यांचे पतंग तिफाटी आहेत, तर एरंडावरील उंटअळीचा पतंग चौफाटी आहे.

पुढच्या पंखावर बहुधा दोन ठिपके असतात, एक वाटोळा व दुसरा घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा. हे ठिपके जात ओळखण्यास मदत करतात, पण एकाच जातीत त्यांचा गडदपणा इतका बदलतो की केवळ त्यांवर विसंबता येत नाही. जवळच्या जातींचा निकाल अखेर नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच लागतो. तंबाखूवरील पाने खाणारी अळी (स्पोडोप्टेरा लिट्युरा) आणि आफ्रिका व भूमध्य समुद्राच्या परिसरातील तिची बहीण (स्पोडोप्टेरा लिट्टोरॅलिस) यांना बराच काळ एकच जात समजले जात होते. ‘प्रोडेनिया लिट्युरा’ या नावाखालील जुनी माहिती त्यामुळे जपून वापरावी लागते.

वर्गीकरणाचा इतिहास

मुंबई इलाख्यातील पतंगांची पहिली मोठी यादी कर्नल चार्ल्स स्विन्हो याने केली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी तो एक होता. त्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्यही होते. मुंबई व दख्खन येथील खवलेपंखी कीटकांवरील स्विन्होचे लेख १८८५ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात आले.

भारतीय पतंगांना शिस्तीत बसविण्याचे श्रेय मात्र जॉर्ज फ्रान्सिस हॅम्पसन (१८६०–१९३६) याला जाते. निलगिरीत चहाच्या मळ्यावर असताना त्याला पतंगांचा नाद लागला आणि पुढे तो ब्रिटिश म्युझियममध्ये दाखल झाला. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील पतंगांचे चार खंड त्याने १८९२ ते १८९६ या काळात लिहिले, आणि १८९८ पासून जगभरच्या पतंगांची बहुखंडी सूची हाती घेतली. त्या सूचीचे मधले अनेक खंड एकट्या नॉक्टुइडी कुलाला लागले. ‘मुंबई’, ‘पुणे’, ‘कॅनरा’ अशा जुजबी स्थळनोंदी असलेले हे ग्रंथ आजही पतंगांच्या अभ्यासकाला टाळता येत नाहीत.

हॅम्पसनने तिफाटी पतंगांचे उपकुलांत विभाजन करताना सोप्या कसोट्या लावल्या. डोळ्यांवर केस आहेत काय? असल्यास हॅडेनिनी. डोळे उघडे, पण पायाच्या नडगीवर काटे आहेत काय? असल्यास अ‍ॅग्रोटिनी. दोन्ही नसल्यास उरलेल्यांच्या गटात. ही पद्धत खिडकीजवळ बसून भिंगाने राबविता येते, आणि म्हणूनच ती जवळजवळ शतकभर टिकली. तिच्यानुसार लष्करी अळीचा मिथिम्ना वंश (केसाळ डोळे), कुरतडणाऱ्या अळीचा अ‍ॅग्रोटिस वंश (काटेरी नडगी) आणि स्पोडोप्टेरा वंश (दोन्ही नाहीत) तीन वेगळ्या उपकुलांत गेले. सोय हा या पद्धतीचा गुण होता आणि तोच दोषही ठरला. डोळ्यांवरचे केस किंवा नडगीवरचे काटे वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे उगवू शकतात व नाहीसेही होऊ शकतात. ते नात्याचा पुरावा नसतात.

त्या काळी नॉक्टुइडी कुलात नंतर बाहेर गेलेले पुष्कळ पाहुणे होते. सागाची पाने फस्त करणारी अळी (हायब्लिया प्युएरा) हे त्यांपैकी एक. जव्हार-मोखाड्याच्या सागवनांत पावसाळ्याच्या सुरुवातीस तिचा उपद्रव ठळकपणे दिसतो. तिला आज हायब्लिइडी या स्वतंत्र कुलात ठेवतात व तिचे अधिकुलही निराळे मानतात. वक्षाच्या तिसऱ्या खंडावर कान असण्याची अट तिच्या पतंगाला लागू पडत नाही.

चौफाटी-तिफाटी भेदाकडे पुढील पिढ्यांनी अधिक चिकित्सेने पाहिले. मागच्या पंखातील ती शीर ठसठशीत असणे ही या अधिकुलातील मूळची, पूर्वजांकडून आलेली अवस्था आहे. पूर्वजांचे लक्षण काही वंशजांनी तसेच जपले एवढ्यावरून ते वंशज परस्परांचे अधिक जवळचे ठरत नाहीत. चार भावांच्या वाटणीत जुना पाटा-वरवंटा दोघांच्या घरी राहिला, तर ते दोघे इतर दोघांपेक्षा अधिक सख्खे होत नाहीत. नव्याने आलेला आणि सर्व वंशजांत समान असलेला बदलच नाते सांगतो. या न्यायाने ‘तिफाटी’ गट बराचसा टिकला, पण ‘चौफाटी’ हा एकसंध गट म्हणून टिकला नाही.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्थित्यंतरे इतक्या वेगाने झाली की पाठ्यपुस्तके मागे पडली. २००५ मध्ये मायकेल फिबिगर व डोनाल्ड लाफोंटेन यांनी चौफाट्यांसाठी एरेबिडी हे स्वतंत्र कुल मांडले. लगेच २००६ मध्ये त्याच दोघांनी मत बदलले आणि केसाळ अळ्यांची पूर्वीची स्वतंत्र कुले (आर्क्टिइडी, लिमॅन्ट्रिइडी) धरून सर्वांना एकाच विशाल नॉक्टुइडी कुलात सामावून घेतले. २०११ मध्ये रझा झाहिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ जनुकांच्या तुलनेवरून वंशवृक्ष काढला आणि अधिकुलाची सहा कुले निश्चित केली. त्यात एरेबिडी पुन्हा स्वतंत्र झाले व केसाळ अळ्या त्यात गेल्या. शेताच्या बांधावर फिरणारी एखादी केसाळ अळी अशा रीतीने सहा वर्षांत आर्क्टिइडीतून नॉक्टुइडीत आणि तेथून एरेबिडीत गेली. अळी होती तिथेच होती.

सद्यस्थिती

सध्या सर्वसाधारणपणे मान्य असलेली सहा कुले अशी: ओएनोसँड्रिडी, नोटोडोंटिडी, यूटेलिइडी, एरेबिडी, नोलिडी व नॉक्टुइडी. ओएनोसँड्रिडी ऑस्ट्रेलियापुरते असून त्यात अवघ्या आठ जाती आहेत.

एरेबिडी हे सर्वांत मोठे कुल असून त्यात २४,५६९ जाती नोंदल्या आहेत. नॉक्टुइडीतून बाहेर पडलेला मोठा हिस्सा येथेच आला. उंबर-पिंपळाच्या वर्गातील झाडांवर वाढणारे असोटा वंशातील पिवळ्या पोटाचे पतंग, एरंडावरील उंटअळी आणि सोंडेने फळे टोचणारे युडोसिमा वंशातील पतंग यात येतात. युडोसिमाची एक विशेष बाब सांगण्याजोगी आहे. येथे नुकसान अळी करीत नाही, पतंग करतो. त्याच्या सोंडेचे टोक कठीण व दातेरी असल्याने तो पिकत्या फळाची साल भेदून रस शोषतो व त्या छिद्रातून फळ कुजते. अळी मात्र गुळवेलीसारख्या रानवेलींवर वाढते, त्यामुळे बागेत कितीही शोधली तरी सापडत नाही.

आंब्याच्या कोवळ्या फुटीचा शेंडा पोखरणारी अळी (क्लुमेशिया ट्रान्सव्हर्सा) जुन्या पुस्तकांत नॉक्टुइडी म्हणून दाखविलेली असते. ती आता यूटेलिइडी कुलात आहे. जव्हार परिसरात डोंगरउतारावर ‘वाडी’ पद्धतीने आंबा व काजूची लागवड झाली असल्याने हे नाव येथे उपयोगी पडते.

उरलेल्या नॉक्टुइडी कुलातही अंतर्गत फेरमांडणी झाली. घाटेअळीचे हेलिओथिनी आणि उंटअळ्यांचे प्लुसिइनी ही उपकुले कायम राहिली. प्लुसिइनीतील पतंगांचा मागचा पंख चौफाटी असूनही वंशवृक्षात ते नॉक्टुइडीतच पडतात. एका लक्षणावर कुल उभे करण्याची मर्यादा येथे दिसते. मिथिम्ना, अ‍ॅग्रोटिस, स्पोडोप्टेरा आणि सेसॅमिया हे चारही वंश आता नॉक्टुइनी या एकाच उपकुलात, निरनिराळ्या जमातींत ठेवले जातात. हॅम्पसनने केस आणि काटे पाहून वेगळे केलेले मिथिम्ना व स्पोडोप्टेरा असे एकत्र आले, आणि मराठी शेतकरी तर दोघांच्या अळ्यांना आधीपासून ‘लष्करी अळी’ असे एकच नाव देत आला आहे. यात शेतकऱ्याने नाते ओळखले होते असे मानण्याचे कारण नाही. नाव टोळीने चाल करण्याच्या सवयीवरून पडले आहे.

नावाचा उपयोग

लष्करी अळीच्या एका नावात किमान तीन जाती आहेत आणि त्यांचे वागणे सारखे नाही.

स्पोडोप्टेरा मॉरिशिया ही भाताच्या रोपवाटिकेवर येते. रात्रीत राब गुरांनी चरल्यासारखा दिसतो. रोपवाटिकेत पाणी भरल्यास अळ्या वर येतात व पक्षी त्या टिपतात. बांध असलेल्या सपाट वाफ्यात हा उपाय साधतो, उतारावरील नागलीच्या रोपवाटिकेत पाणी थांबतच नाही.

मिथिम्ना सेपरेटा हिचा उपद्रव कोकणात प्रामुख्याने भात पोटरीतून बाहेर पडल्यानंतर व पिकताना जाणवतो. ती दिवसा चुडाच्या बुंध्याशी किंवा जमिनीच्या भेगांत दडते व रात्री वर चढून लोंब्या कुरतडते. सकाळी जमिनीवर लोंब्यांचा सडा पडलेला दिसतो, पण खाणारे कोणी दिसत नाही. पीक तयार होताच विनाविलंब कापणी करणे आणि अळ्या खाणाऱ्या बेडकांना शेतात राहू देणे हे तिच्यावरील साधे उपाय आहेत. जुन्या भारतीय कृषिग्रंथांत हीच अळी ‘सर्फिस युनिपंक्टा’ या नावाने येते. तीच पुढे ‘स्यूडालेशिया सेपरेटा’ झाली व नंतर मिथिम्नामध्ये आली. नावे तीन असली तरी भारतातील जीव एकच आहे हे ठाऊक नसेल, तर वाचक तीन निरनिराळ्या किडी समजून बसतो.

तिसरी स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. हिचे वर्णन १७९७ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ याने अमेरिकेतील जॉर्जिया येथील नमुन्यांवरून केले. सव्वादोनशे वर्षे ती अमेरिका खंडापुरती होती. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत आढळली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. मराठीत तिला ‘अमेरिकन लष्करी अळी’ म्हणतात. कर्नाटकात ती प्रथम दिसली तेव्हा ती नेहमीच्या लष्करी अळीपेक्षा वेगळी आहे हे अळीच्या खुणा, पतंगाची जननेंद्रिये व जनुकीय तपासणी यांवरून ठरविण्यात आले. अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण आणि शेपटीकडील आठव्या उदरखंडावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके ही तिची शेतात पाहता येण्याजोगी लक्षणे आहेत. ती मक्यावर अधिक येते, पण ज्वारी, नाचणी यांसारखी तृणधान्येही तिला चालतात. या जातीत ‘मका’ व ‘भात’ असे दोन प्रकार असून ते बाहेरून सारखे दिसतात व केवळ जनुकांवरून वेगळे करता येतात.

अचूक नाव आणखी दोन ठिकाणी थेट कामास येते. पहिले कामगंध सापळ्यात. मादीने नराला बोलावण्यासाठी सोडलेल्या गंधाची नक्कल सापळ्याच्या वडीत असते आणि तो गंध प्रत्येक जातीचा निराळा असतो. पिवळ्या खोडकिड्याची वडी लावलेल्या सापळ्यात गुलाबी खोडकिड्याचे नर येत नाहीत. सापळा रिकामा म्हणजे कीड नाही असा समज झाल्यास नागली हातची जाते. दुसरे विषाणूजन्य कीटकनाशकांत. घाटेअळीसाठी ‘एचएएनपीव्ही’ या नावाने मिळणारा विषाणू तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीला मारीत नाही. तिच्यासाठी ‘एसएलएनपीव्ही’ हा वेगळा विषाणू आहे. या नावांतील पहिली दोन अक्षरे त्या त्या अळीच्या शास्त्रीय नावाची आद्याक्षरे आहेत, हे बाटली विकत घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. दोन्ही अळ्या हिरवट-तपकिरी असून एकाच पिकावर एकत्र असू शकतात. कोसबाड हिल येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा कर्जत येथील प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र यांसारख्या ठिकाणी जिवंत अळी डबीत घालून दाखविणे हा रंगाच्या वर्णनापेक्षा चांगला मार्ग आहे.

नोंदी व नमुने

पतंगांच्या नोंदीसाठी पांढरा पडदा व त्यासमोर तेजस्वी दिवा ही पद्धत सर्वत्र वापरली जाते. पावसाळ्याच्या आरंभीच्या उबदार, ढगाळ व चांदणे नसलेल्या रात्री सर्वाधिक पतंग येतात. छायाचित्रांवर आधारलेल्या ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ सारख्या संकेतस्थळांमुळे नोंदी वाढल्या आहेत. ठळक रंगाच्या युडोसिमा किंवा असोटासाठी छायाचित्र पुरते. मिथिम्नासारख्या फिकट मातकट रंगाच्या वंशात अनेक जाती बाहेरून जवळजवळ सारख्या असल्याने छायाचित्रावरून वंशापर्यंतच थांबणे योग्य ठरते. जातीचे नाव देण्यासाठी नमुना जपावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्रात व मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत असे संग्रह आहेत.

नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर स्थळ, दिनांक, पकडणाऱ्याचे नाव आणि अळी पाळली असल्यास तिचे खाद्यझाड लिहिण्याची पद्धत आहे. शास्त्रीय नाव निराळ्या चिठ्ठीवर लिहून खाली टोचतात, म्हणजे वर्गीकरण बदलल्यास नवी चिठ्ठी जोडता येते व जुनीही राहते. या परिसराच्या बाबतीत स्थळाची चिठ्ठीही जपून वाचावी लागते. जव्हार १९४८ पर्यंत संस्थान होते, त्यानंतर ते ठाणे जिल्ह्यात आले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर जव्हार व मोखाडा त्यात गेले. त्यामुळे जुन्या नमुन्यांवर ‘ठाणे’ एवढाच उल्लेख असल्यास तो सह्याद्रीच्या उतारावरील आहे की खाडीकाठचा, हे गावाच्या नावाशिवाय ठरविता येत नाही.